औषधाचे दुकान आणि अमानत

धान्याच्या ढिगाचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. बाजारातून जाताना हजरत पैगंबरांनी (स.) एका विक्रेत्याच्या ढिगात हात घातला. धान्य वर कोरडे आणि आत ओले होते. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा त्यांचा सवाल होता. या प्रसंगातून आपण ‘भेसळ करू नये’ एवढाच बोध घेतो. खरे तर धान्य भिजले यात विक्रेत्याचा काही दोष नव्हता. जे ग्राहकाला आपणहून दिसणार नाही ते त्याच्यापासून झाकून ठेवणे, हा दोष होता.

हीच कसोटी औषधाच्या दुकानाला लावून पाहावी. भाजी आपण दाबून पाहतो, मासळीचे कल्ले उघडून पाहतो, तांदूळ हातावर घेतो. गोळी मात्र हातावर घेऊन काहीच कळत नाही. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवले होते की रात्री वीज गेल्यावर फ्रीज बंदच राहिला, हे बाटली सांगत नाही. ती जशीच्या तशी दिसते. येथे ढीग सगळाच आतला आहे. वरचा थर नाहीच. ग्राहक जितका आंधळा, तितकी विक्रेत्याची जबाबदारी मोठी, असे मला वाटते. अमानत या शब्दाचा अर्थ तरी दुसरा काय आहे?

आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. बाजारावर देखरेख करणाऱ्या मुहतसिबासाठी बाराव्या शतकात सीरियात अल-शैजरीने जो ग्रंथ लिहिला, त्यात औषधविक्रेत्यांच्या लबाड्या कशा पकडाव्यात याची स्वतंत्र चर्चा आहे. १२६० साली कैरोतील कोहिन अल-अत्तार या यहुदी औषधविक्रेत्याने आपल्या मुलासाठी अरबीत दुकानाचे शास्त्र लिहिले. त्यात नुसखे आहेत, तसेच दुकानदाराच्या नीतीचाही विचार आहे. विक्रेत्याच्या सचोटीचा प्रश्न एका धर्माचा कधीच नव्हता.

आता आपल्या मोहल्ल्यातल्या मेडिकलकडे येऊ. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच दिले पाहिजे. भिंतीवर फ्रेममध्ये त्याचे प्रमाणपत्र असते. पण पुष्कळ ठिकाणी प्रमाणपत्रच तेवढे हजर असते. ज्याचे नाव त्यावर आहे तो दुसऱ्या गावात दुसरी नोकरी करतो आणि महिन्याकाठी ठरलेली रक्कम घेतो. काउंटरवर बारावी झालेला, चुणचुणीत, स्वभावाने चांगला मुलगा उभा असतो.

रमजानमध्ये एक वृद्ध बाई त्याला विचारते, ‘बेटा, ही शुगरची गोळी सहरीला घेऊ का इफ्तारला?’ काही गोळ्या उपाशीपोटी साखर धोकादायकरीत्या खाली आणतात. जाणकार माणूस म्हणेल, ‘खाला, आधी डॉक्टरांना विचारा, मी चिठ्ठी लिहून देतो.’ मुलगा काहीतरी उत्तर देऊन मोकळा होतो. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. कोणी ‘रोज एक’ असे पाकिटावर लिहून दिले तर ते जीवावर बेतते. हा मुलगा लबाड नाही. त्याला माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याने आपली गैरहजेरी विकली आहे.

ही कमाई हलाल आहे का? फतवा देण्याचा मला अधिकार नाही. पण प्रश्न विचारण्याचा आहे. विकलेल्या वस्तूचे मोल घेणे म्हणजे व्यापार. येथे फार्मासिस्टने काय विकले? ज्ञान दिले नाही, वेळ दिला नाही, नजरही दिली नाही. फक्त नाव दिले.

यावर दुकानदाराचे म्हणणे असते की लहान दुकानाला पूर्ण पगाराचा माणूस परवडत नाही. फार्मासिस्ट म्हणतो, पगार इतका तुटपुंजा की घर चालत नाही. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. २०१२ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्टच्या हजेरीचा आग्रह धरला, तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी मोठा विरोध केला, तो यातूनच. पण ही दोघांमधली तडजोड आहे आणि तिची किंमत तिसरा माणूस देतो. त्याला कोणी विचारलेले नसते. गरिबी हे माझा धोका मी पत्करण्याचे कारण होऊ शकते. दुसऱ्याच्या अंगावर त्याच्या नकळत धोका टाकण्याचे नाही.

आणखी एक युक्तिवाद अधिक नाजूक आहे. डॉक्टरांची फी नसलेल्या मजुराला दुकानदार अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उधार देतो. ही दया नाही का? आहे. पण कापलेल्या तुकड्यावर बॅच नंबर नाही, मुदत नाही, पावती नाही. उद्या ते औषध सदोष निघाले तर परत मागवायचे कोणाकडून? २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात विषारी खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. अशा वेळी कोणती बाटली कोणाच्या घरी गेली, हे शोधायला पावती हाच धागा असतो. २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ यादीतील औषधांची वेगळी नोंद तीन वर्षे जपायची असते, तीही यासाठीच. वही भरणे हे कंटाळवाणे काम. पण दयेला डोळे हवेत. ते त्या वहीत असतात.

दोष फक्त काउंटरपलीकडचा नाही. चिठ्ठीशिवाय औषध देणार नाही म्हणणाऱ्या दुकानदाराला आपण उर्मट म्हणतो आणि शेजारच्या दुकानात जातो. पावती घेतली तर दोन पैसे जास्त पडतील म्हणून ती नाकारतो. जमातीत सढळ हाताने देणाऱ्याचा सत्कार होतो, तो व्हावाच. पण फार्मासिस्टला रास्त पगार देणारा आणि योग्य वेळी ‘नाही’ म्हणणारा दुकानदारही त्या सन्मानाचा हकदार आहे. ज्याचे नाव भिंतीवर आहे तो माणूस दुकानात आहे का, एवढे विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तरी ढिगात हात घालण्याच्या त्या सुन्नतीचे थोडेफार पालन होईल.