सुईला न सापडलेलं

रिपोर्टवर ‘कर्कपेशी आढळल्या नाहीत’ असं छापलेलं असतं आणि घरचे ते ‘कर्करोग नाही’ असं वाचतात.

या दोन वाक्यांमधल्या फटीवर आपल्या दार्शनिकांनी शतकानुशतकं वाद घातला. जमिनीवर घडा नाही, हे कळतं कशानं? कुमारिल भट्टानं या न दिसण्याला, अनुपलब्धीला, स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानलं. प्रभाकरानं ते नाकारलं, नैयायिकांनी ते प्रत्यक्षातच बसवलं. पण अट अशी की, वस्तू असती तर ती नक्की दिसली असती. उजेडात घडा दिसला नाही, तर तो नाही. पिशाच्च मुळात दिसणारंच नव्हे, त्यामुळे त्याच्या न दिसण्यातून काही सिद्ध होत नाही, हे धर्मकीर्तीसारख्या बौद्ध तार्किकालाही मान्य होतं.

स्तनातल्या गाठीत शिरणाऱ्या सुईची सगळी भिस्त याच अटीवर आहे. एफएनएसी या तपासणीतली बारीक सुई सुट्या पेशी ओढून आणते. त्या कर्करोगाच्या आहेत का, ते सांगता येतं. दुग्धनलिकेची भिंत फोडून त्या बाहेर पडल्यात का, हे सहसा नाही. कोअर बायोप्सीची जाड सुई, बहुधा १४ गेजची, ऊतीचा सलग तुकडा काढते, म्हणून रचनाही दिसते. तरीही सुई गाठीच्या शेजारून गेली, तर रिपोर्ट खरा असूनही कुचकामी. मॅमोग्राफीत कॅल्शियमचे कण दिसले म्हणून बायोप्सी केली असेल, तर काढलेल्या तुकड्यांचाच एक्स-रे घेऊन कण त्यांत आलेत ना, हे तपासतात. कुमारिलाला ही खबरदारी तात्काळ पटली असती! मॅमोग्राफीत कर्करोगाची दाट शंका आणि रिपोर्ट मात्र साधा, असं झालं की डॉक्टर पुन्हा बायोप्सी सांगतात. रुग्णाला तो घोळ वाटतो. तर्क चोख असतो.

तुकडा नेमका आला, तरी शब्दप्रमाण, म्हणजे जाणकाराच्या सांगण्यावर विसंबणं, उरतंच. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जोआन एल्मोर यांच्या अभ्यासात ११५ पॅथॉलॉजिस्टांनी स्तनाच्या बायोप्सीच्या काचपट्ट्या वाचल्या. तज्ज्ञमंडळाच्या निदानाशी त्यांचं मत आक्रमक कर्करोगात ९६ टक्के जुळलं. ‘अटिपिया’त, म्हणजे कर्करोग नव्हे पण साधंही नव्हे अशा बदलांत, फक्त ४८ टक्के. न्यायशास्त्रातला आप्त, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावं असा माणूस, वस्तू जशी आहे तशी जाणतो आणि तशीच सांगतो. इथे वाचणारे जाणकार, प्रामाणिक, काचही तीच, तरी निम्म्याहून जास्त वेळा निदान वेगळं. दोष सगळा जाणणाऱ्यांवर टाकणं सोपं आहे. पण निरोगी आणि रोगट यांच्यामध्ये शरीरानंच ठळक रेघ ओढलेली नसावी, हे जास्त खरं वाटतं. म्हणून कोअर बायोप्सीत अटिपिया निघाला, की अनेकदा शस्त्रक्रिया करून आजूबाजूची ऊती काढून तपासतात. काही जणींमध्ये तिथेच कर्करोग सापडतो.