चिठ्ठी न लिहिणाऱ्याची जबाबदारी

छत्रपती संभाजीनगरात गोळ्या चालू असलेला माणूस मनोविकारतज्ज्ञाला महिन्या-दोन महिन्यांतून भेटतो आणि समुपदेशकाकडे जात असेल तर बहुधा दर आठवड्याला. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मराठवाड्यात त्यांतले एकही नाही. सिल्लोड-वैजापूरपासून जालना-बीडपर्यंतचे रुग्ण घाटी या शहरातल्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत किंवा शहरातल्या खासगी दवाखान्यांत येतात, आणि तिथल्या गर्दीत एकेकाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्याचे, वजन वाढल्याचे, लग्न ठरतेय म्हणून पाकीट लपवल्याचे पहिल्यांदा कळते ते समुपदेशकाला. त्यावरचे सुरक्षित उत्तर ठरलेले आहे : 'औषधांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.' हे उत्तर चुकीचे नाही, पण तेवढ्यावर थांबणे मला नैतिकदृष्ट्या अपुरे वाटते. चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार नाही, यावरून औषधाबाबत काहीच जबाबदारी नाही असे ठरत नाही. हे उमगायला या व्यवसायाला काही दशके लागली.

1952 साली पॅरिसमध्ये ज्याँ दले आणि पिएर दनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना देऊन पाहिले आणि औषधांचे युग सुरू झाले. पण संवादातून उपचार करणाऱ्यांचा, विशेषतः अमेरिकेतल्या मनोविश्लेषकांचा, मोठा गट गोळीकडे संशयानेच पाहत राहिला. वेदनाच माणसाला स्वतःच्या आत पाहायला लावते. ती दाबून टाकली तर मुळाशी पोचायचे कसे, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न प्रामाणिक होता, किंमत मात्र रुग्ण मोजत होता. 1979 मध्ये राफेल ओशेरॉफ हे स्वतः डॉक्टर असलेले गृहस्थ तीव्र नैराश्यामुळे मेरीलँडच्या चेस्टनट लॉज रुग्णालयात दाखल झाले. सुमारे सात महिने त्यांच्यावर औषधाविना मनोविश्लेषणाचे उपचार झाले आणि प्रकृती ढासळत गेली. दुसऱ्या रुग्णालयात औषधे सुरू झाली आणि काही महिन्यांत ते घरी परतले. त्यांनी दावा लावला. 1987 मध्ये तडजोड झाल्यामुळे न्यायालयीन दाखला मागे राहिला नाही, पण प्रश्नाचे रूप बदलले. तोवर वाद होता कोणाची पद्धत खरी याचा. आता विचारले जाऊ लागले की, दुसरा उपाय उपलब्ध आहे हे रुग्णाला सांगितले होते का? माझ्या मते या विषयाच्या नीतीतले निर्णायक वळण हेच.

पुढे पुरावाही एकत्र उपचारांच्या बाजूने वळला. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या, चिवट नैराश्याच्या 681 रुग्णांवरच्या अमेरिकी अभ्यासात केवळ औषध किंवा केवळ मानसोपचार घेणाऱ्यांपैकी प्रत्येकी 48 टक्क्यांना गुण आला. दोन्ही घेणाऱ्यांपैकी 73 टक्क्यांना. (त्यातले नेफाझोडोन हे औषध पुढे यकृताला होणाऱ्या अपायामुळे अनेक देशांत बाजारातून गेले, हेही विसरू नये.) आपल्याला अधिक जवळचा दाखला गोव्याचा. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या 24 प्राथमिक आरोग्य केंद्रांत व खासगी दवाखान्यांत 'मानस' ही चाचणी घेतली. डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशक रुग्णांशी बोलत, पाठपुरावा करत. गरज असेल तिथे डॉक्टर औषध देत आणि मनोविकारतज्ज्ञ देखरेख ठेवत. 2010 साली निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी या पद्धतीने 65.9 टक्के रुग्ण बरे झाले होते, नेहमीच्या पद्धतीने 42.5 टक्के. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, म्हणून याला रामबाण म्हणता येणार नाही. पण रुग्ण गोळ्या नीट घेतो का हे पाहणे तिथे समुपदेशकाच्या नेमून दिलेल्या कामातच होते, ही गोष्ट मला आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते.

यावर पहिला आक्षेप कायद्याचा येतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 106 नुसार आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचे औषध वा उपचार सुचवायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. डोस वाढवा, अर्धी गोळी घ्या, ही बंद करून ती मागा, हे समुपदेशकाने बोलू नये. मात्र गोळी घेतल्यावर काय होते हे विचारणे, नोंदवणे आणि डॉक्टरांपर्यंत पोचवणे म्हणजे औषध सुचवणे नव्हे. आपल्याकडे याचे भान जीव वाचवू शकते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते. हात जास्त थरथरणे, उलट्या, झोक जाणे ही विषबाधेची चाहूल असते. समोरच्या खुर्चीतल्या माणसाचा कंप पाहून त्यावर श्वसनाचा व्यायाम सुचवणारा आणि त्याच दिवशी त्याला दवाखान्यात धाडणारा, या दोघांत फरक निव्वळ माहितीचा आहे. तसेच काही औषधांनी येणारी, एका जागी बसू न देणारी तगमग चिंता म्हणून हाताळली जाते आणि खरे कारण तसेच राहते. ही माहिती नसणे ही समुपदेशकाची मर्यादा म्हणून सोडून देता येणार नाही.

दुसरा आक्षेप विश्वासाचा : डॉक्टरांना कळवले तर रुग्ण मोकळेपणाने बोलेल कसा? कलम 23 गोपनीयतेचा हक्क देते आणि उपचार करणाऱ्या इतर व्यावसायिकांना उपचारापुरती माहिती देण्याची मुभाही देते. पण मुभा आहे म्हणून पाठीमागे कळवावे, असे मी म्हणणार नाही. पहिल्या भेटीतच 'तुमच्या डॉक्टरांशी मी काय बोलू आणि काय नको?' हे विचारून लेखी ठेवले, तर बराच पेच सुटतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. गोळ्या गरजेपेक्षा जास्त आणि जास्त काळ दिल्या जातात. मग रुग्णाच्या बाजूने उभे राहून त्या थांबवायला मदत करणे हीच नीती नव्हे का? तक्रारीत तथ्य आहे. 2021 मध्ये आलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दीर्घकाळ नैराश्यविरोधी गोळ्या घेणाऱ्या, आता बरे वाटणाऱ्या 478 जणांपैकी निम्म्यांच्या गोळ्या हळूहळू बंद केल्या. वर्षभरात त्यांच्यापैकी 56 टक्क्यांचा आजार उलटला. गोळ्या चालू ठेवणाऱ्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. म्हणजे थांबवण्यात धोका आहे, पण बंद केलेल्यांपैकी चाळीसहून अधिक टक्के लोक त्या वर्षात सावरलेलेच राहिले. 'जन्मभर घ्याव्याच लागतील' आणि 'सोडून द्या', दोन्ही वाक्ये यात बसत नाहीत. थांबवायची इच्छा रुग्णाने डॉक्टरांपुढे स्पष्ट मांडावी यासाठी त्याला तयार करणे, आणि डोस उतरत असताना दर आठवड्याला सोबत असणे, हे समुपदेशकाचे काम.

एक प्रसंग मात्र या चौकटीत सहज मावत नाही. घरचे चहात किंवा भाजीत थेंब मिसळून औषध देतात आणि हे समुपदेशकाला कळते. त्या आईला दोषी धरणे सोपे आहे. मुलाचा आजार उफाळल्यावर तिने काय सोसले ते पाहणारे कोणी नसते. तरीही 2017 चा अधिनियम मनोरुग्णालाही निर्णयक्षम मानूनच सुरुवात करतो, आणि फसवून दिलेल्या औषधाला संमती नसते. समुपदेशकाने हे गुपित राखण्याचे वचन देऊ नये, रुग्णापुढे ते अचानक उघडही करू नये. आधी डॉक्टरांना खरी स्थिती कळायला हवी, कारण रुग्ण औषधाविना बरा आहे असे समजून ते चुकीचा निर्णय घेतील. प्रकृती स्थिरावली की घरच्यांनी स्वतः, डॉक्टरांच्या साक्षीने, त्याला सांगायचे. त्यानंतर येणारा राग, अबोला, जेवणाच्या ताटाबद्दलचा संशय काही महिने पुरेल, आणि त्यासाठी दर आठवड्याचा तासभर वेळ काढणारा माणूस बहुतेक घरांना समुपदेशकाखेरीज दुसरा मिळत नाही.