कढईतली वाट

दुपार आहे. मे महिना संपत आलाय. पंखा फिरतोय, पण हवा जागची हलत नाही.

बसा.

ओट्याजवळ स्टूल ओढून घ्या, नाहीतर खाली फरशीवरच बसा. फरशी गार आहे. पाठ सैल सोडा. हात मांडीवर राहू द्या.

आज आपल्याला नानकटाई करायची आहे, पोटात आमरस असलेली. पण त्याला अजून वेळ आहे.

समोर चार आंबे आहेत. हापूस. आढीतले शेवटचे.

त्यातला एक उचला.

तो किती जड आहे, ते तळहाताला कळू द्या. साल किंचित सुरकुतली आहे. देठाच्या खळग्याशी एक काळा ठिपका आहे. बोटानं दाबू नका, नुसतं बोट ठेवा.

आता देठ नाकाजवळ न्या.

श्वास आत घ्या. सावकाश.

आधी आंब्याचा वास येतो. थोडं थांबलात तर त्याच्या मागून दुसरा एक वास येतो, कोरडा, गवताचा. तो भाताच्या पेंढ्याचा. आठ दिवस हा आंबा पेंढ्यात झोपून होता.

श्वास सोडा.

थंडीत याचा मोहर आला. तेव्हापासून झाड मुळांनी पाणी ओढत होतं आणि यात भरत होतं. या गराचे शंभर भाग केले तर सुमारे ८० भाग नुसतं पाणी निघेल. उरलेल्या थोड्याशा भागात साखर, आंबटपणा, रंग आणि हा वास.

आंबा दोन्ही तळहातांत धरा. क्षणभर असेच बसा.

*

आता आंबे पिळा.

घाई नको. आधी साल सोलू नका. आंबा हातातल्या हातात मऊ करा, गोल गोल, कोय आत सुटी होईपर्यंत. मग देठाकडून रस भांड्यात येऊ द्या. कोय पिळा. साल पिळा. मनगटावरून ओघळ कोपरापर्यंत जाईल. जाऊ द्या.

रस पुरणयंत्रातून फिरवून घ्या. दोन वाट्या भरतो.

रसाला पायरीच हवी, असं म्हणणारी माणसं आहेत आणि पुरीबरोबर ओरपायचा असेल तर त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण आटवायला हापूस बरा. तो कमी पातळ, कमी धाग्यांचा.

पुरी, रसाची वाटी, वर तुपाची धार, सुंठेची चिमूट. एवढं वाढलं की उन्हाळ्याचं जेवण झालं. आज तीच वाटी नानकटाईच्या आत ठेवायची आहे.

पण रस आहे तसा आत राहत नाही. पहिल्या वेळी मी तो तसाच भरला होता. पीठ भिजलं, कडा फुटल्या आणि पत्र्यावर डझनभर पिवळी तळी झाली. मुलांनी ती चमच्यानं खाल्ली. त्यांची काही तक्रार नव्हती.

झाडानं इतके महिने भरलेलं पाणी आधी जाऊ द्यायला हवं.

*

जाड बुडाची कढई ठेवा. स्टीलची चालेल. लोखंडाची नको, रस आंबट असतो, काळा पडतो.

गॅस मंद करा. त्याहून मंद.

रस ओता. दोन चमचे साखर घाला, मिठाचे दोन-तीन कण.

लांब दांड्याचं उलथनं हातात घ्या.

आणि पाहा.

सुरुवातीला काहीच होत नाही. पिवळा, गुळगुळीत, स्वस्थ रस. कडेला बारीक बुडबुडे येतात, जातात.

उलथनं कढईच्या तळावरून एकदा फिरवा. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्याच्यामागे रस लगेच एक होतो. उलथनं गेलं होतं, याची खूणही राहत नाही.

पुन्हा फिरवा.

पुन्हा काही नाही.

श्वास घ्या. श्वास सोडा. उलथनं चालू द्या.

*

थोड्या वेळानं आवाज बदलतो.

कान द्या.

आधी सळसळ होती. आता मधूनच एक जाड बुडबुडा फुटतो. पुट्. मग शांतता. मग पुन्हा, पुट्. रस रटरटायला लागला आहे. एखादा शिंतोडा हातावर उडेल. चटका बसेल. हात मागे घ्या, पण नजर काढू नका.

आता उलथनं फिरवा.

दिसलं?

त्याच्यामागे एक वाट पडली. बोटभर रुंद. तिच्यात क्षणभर कढईचा तळ चमकला. मग दोन्हीकडून रस सरकला आणि वाट मिटली.

पुन्हा फिरवा. वाट पडते. वाट मिटते.

आता दुसरं काही करायचं नाही. वाट पाहायची. अगदी शब्दशः, हीच वाट पाहायची. ती किती वेळ उघडी राहते आणि कशी मिटते.

पडते.

मिटते.

श्वास तिच्याबरोबर जुळतो का, पाहा. नाही जुळला तरी चालेल.

*

मन भटकेल. भटकू द्या.

ते म्हणेल, हापूस हे नाव तरी कुठलं. पोर्तुगीज अफोन्सोचं. पोर्तुगीजांनी गोव्यात कलमं बांधली आणि ते नाव कोकणच्या जिभेवर घोळून घोळून हापूस झालं. मग ते नानकटाईकडे जाईल. त्यातला नान फारसी, म्हणजे रोटी. सुरतेच्या पारशी बेकऱ्यांतून ती मुंबईत आली, असं सांगतात. दोघं किती लांबून आली आणि आता दोघांनाही कुणी परकं म्हणत नाही.

मग मन आणखी मागे जाईल. बेकरीत.

सुटीच्या दिवसांत आई मैदा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा पिशवीत घालून बेकरीत न्यायची. आम्ही मागून. आत भट्टीची धग आणि लाकडाचा धूर. बेकरीवाला आमचं तूप आमच्यासमोर घमेल्यात फेसायचा. आई त्या तुपावरून नजर काढत नसे. मग पत्र्यावर ओळीनं गोळे, आणि आम्ही बाकावर. आमच्या आधी तिघांचे पत्रे असायचे. मला त्या बाकाचा गुळगुळीत काठ अजून हाताला आठवतो.

बस. परत या.

उलथनं हातात आहे. फिरवा.

वाट पडते.

आता ती आधीपेक्षा उशिरा मिटते आहे.

*

रंग पाहा. पिवळा गेला. केशरी आला आणि कडेला त्याहूनही गडद काहीतरी.

वास घ्या. हा ताज्या आंब्याचा वास नाही. कोकणात ताटांना तूप लावून रस पसरतात, उन्हात वाळवतात, वाळला की त्यावर पुन्हा रस. असं थरावर थर देत साठं होतं. गच्चीवर साठं वाळत असताना जिन्यात येतो, तो हा वास. तिथे ऊन कित्येक दिवस घेतं. इथे मंद आंच अर्धा-पाऊण तास.

कढईवर वाफ आहे. बारीक, जवळजवळ न दिसणारी.

तिच्यावर हात धरा. तळवा ओला होतो.

तेच पाणी. मुळांतून वर आलेलं. आता खिडकीतून चाललंय.

जाऊ द्या.

उलथनं फिरवा. वाट पडते. तळ दिसतो. दिसत राहतो.

एक श्वास.

आणखी एक.

कडा सैलपणे आत झुकतात, पण मिटत नाहीत.

गॅस बंद करा.

दोन वाट्यांचा अर्धी वाटी झाला आहे. त्यातला बराचसा ताटलीत काढा, गार होऊ द्या. कढई घासायला टाकू नका, तशीच ओट्यावर राहू द्या.

*

आता तूप.

या दिवसांत ते डब्यात वितळलेलंच असतं. अर्धी वाटी तूप घ्या आणि वाटी माठातल्या पाण्यात बसवा. हळूहळू कडेनं दाणे धरेल, घट्ट होईल.

परातीत घ्या. तळहाताच्या खालच्या भागानं फेसा. गोल. एकाच दिशेनं. अर्धी वाटी पिठीसाखर थोडी थोडी मिसळा.

काही वेळ हाताखाली नुसतं निसरडं लागतं. मग एका क्षणी ते हलकं होतं. त्यात हवा शिरली. पिवळं होतं ते पांढरं झालं. हा क्षण डोळ्यांआधी हाताला कळतो. डोळे मिटून फेसा आणि तो पकडा.

मैदा एक वाटी, बेसन पाव वाटी, रवा दोन चमचे, सोड्याची चिमूट, थोडं जायफळ. वेलदोडा घालणारे घालतात. मी घालत नाही, तो आंब्याच्या पुढे जाऊन उभा राहतो.

पाण्याचा थेंब नको. तुपात पाणी नसतं, म्हणून तर मैदा चिवट होत नाही आणि नानकटाई ओठांनी मोडते. पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. अगदीच भुगा वाटला तर आणखी चमचाभर तूप.

*

लिंबाएवढा गोळा घ्या.

तळहातावर ठेवा. अंगठ्यानं मध्ये खळगा करा.

आटवलेला रस बोराएवढा घ्या. बघा किती लहान आहे. चिमटीत धरून उजेडात न्या. आरपार दिसत नाही, पण कडेला उजेड अडकतो.

खळग्यात ठेवा.

कडा वर घ्या. चिरा पडतील, बोटानं बुजवा. तोंड बंद करा. बंद झालेली बाजू खाली.

आता बाहेरून काही कळत नाही. साधा, फिकट गोळा.

दुसरा घ्या.

तिसरा.

बारा-तेरा होतील. मोजायची गरज नाही. प्रत्येकाचं तोंड बंद करताना तेवढाच एक गोळा जगात आहे, असं समजा.

*

ओव्हन १६० अंशांवर तापलाय. ओव्हन नसेल तर दुसऱ्या कढईत मीठ पसरा, वर जाळी, जाळीवर ताटली, घट्ट झाकण. पूर्वी कित्येक घरी असंच करत, कुणी वाळू घेत.

पत्रा आत सरकवा.

साधारण वीस मिनिटं.

काचेसमोर बसा. आत दिव्याचा पिवळा उजेड आहे. गोळे आधी चमकतात, तूप सुटतं. मग किंचित बसतात. मग माथ्यावर एक रेघ उमटते.

एकच. केसाएवढी.

ती रुंदावते. तिला फाटे फुटतात. आणि एकीच्या चिरेतून, अगदी आतून, केशरी रंग दिसतो.

काचेला नाक लावू नका, पोळेल. मी लावलं आहे.

आता घरभर वास आहे. तुपाचा, भाजलेल्या बेसनाचा. आंब्याचा वास शेवटी येतो आणि शेवटपर्यंत राहतो.

बाहेर काढा. कडा गुलाबीसर, माथा फिकट.

हात लावू नका. गरम असताना नानकटाई मऊच असते, उचलली की बोटांत विरघळते. ती गार होताना घट्ट होते, आपली आपण. आपण फक्त जवळ बसायचं.

*

खिडकीबाहेर आभाळ भरलंय.

पंखा फिरतोय आणि आता पडदाही हलतोय.

मृग अजून आठवडाभर लांब आहे, पण हवेत पाणी आलंय. कातडीला कळतं. पाऊस पडला की आमच्याकडे आंबा खाणं बंद, कीड धरते म्हणून. नानकटाईलाही ही हवा सोसत नाही. उघडी राहिली तर उद्या सकाळपर्यंत सादळेल. डबा जवळ घेऊन ठेवा, झाकणासकट.

पण आधी एक घ्या.

मोडा. आवाज ऐका. आवाज म्हणावा इतकाही नाही.

मध्ये गडद, चमकदार ठिपका आहे. दोन्ही अर्ध्यांत थोडा थोडा गेला आहे.

एक तुकडा जिभेवर ठेवा. चावू नका.

आधी तूप सुटतं. मग बेसन, रवाळ. मग साखर. आणि मग, थोडं थांबलात तर, आंबटगोड काहीतरी खालून वर येतं. दाताला चिकटतं. हलत नाही.

तसंच राहू द्या.

श्वास नाकानं घ्या. आंबा आता आतल्या बाजूनं नाकात येतो.

*

बाहेर छपराच्या पत्र्यावर थेंब वाजला. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी कपडे काढायला धावतंय.

ओट्यावर कढई आहे. कडेला रस सुकलाय. तळाशी उलथन्यानं ओढलेली शेवटची वाट आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ती मिटलेली नाही.

तिच्यात पाणी घालायला अजून वेळ आहे. बसा.