काचेवरची नखं

सामायिकाला बसलं की घरातले बारीकसारीक आवाज एकदम मोठे होतात. नळाचा थेंब, सासूबाईंच्या जपमाळेचे मणी, नामपल्ली स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा लांबलेला भोंगा. गेल्या वैशाखात त्यात एका नव्या आवाजाची भर पडली. खर्र... खर्र... जरा थांबून पुन्हा खर्र. पुतण्याच्या कासवाची नखं काचेच्या पेटीवर घासत होती. ४८ मिनिटं समताभाव धरून बसायचं, आणि माझं सगळं लक्ष त्या नखांवर! दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी मी ती पेटी उचलून मागच्या गॅलरीत नेऊन ठेवली आणि दार लोटून घेतलं. माझं सामायिक निर्विघ्न झालं.

मैत्रिणींनो, पुढचं सगळं सांगायचं ते या एका कृतीमुळे. बाहेरून बघायला गेलं तर मी काहीच केलं नव्हतं. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त आवाज बंद केला.

कासव घरात आलं तेव्हा रुपयाच्या नाण्यापेक्षा जेमतेम मोठं होतं. पुतण्याला कुणीतरी वाढदिवसाला दिलेलं. कानामागे लाल पट्टा असलेली ही जात मूळची अमेरिकेतली, तिथल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. आपल्याकडची कासवं, अंगावर चांदण्या असलेली तारा कासवं धरून, घरात पाळायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. ही परदेशी जात मात्र दुकानात सर्रास मिळते. गुबगुबीत दिसतं म्हणून नाव ठेवलं ढब्बू, आणि नाव पुल्लिंगी म्हणून तो मुलगाच ठरला. आठ वर्षांत ढब्बू ताटलीएवढा झाला. नराची पुढची नखं लांबलचक असतात, शेपूट जाड आणि लांब असते, मादी नरापेक्षा बरीच मोठी होते, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. विचारायचं सुचलंही नव्हतं.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून टोचत होती. याच्या खाण्याच्या डब्यावर बारीक अक्षरात मासळीच्या पिठाचा उल्लेख होता. आम्ही सूर्यास्ताआधी जेवणारी माणसं, कांदा-लसूणसुद्धा न आणणारी. आणि आमच्याच घरात हा डबा! लहान वयात या जातीला मांसाहार लागतो, मोठेपणी पालापाचोळा जास्त चालतो, हे कळल्यावर मी हळूहळू तांदुळजा, तुतीची पानं, भोपळा यांवर भर दिला. डबा पूर्ण बंद झाला नाही. जाऊबाई म्हणायच्या, “तळ्यात सोडून द्या की, अभयदान होईल.” ऐकायला किती गोड! पण बागे-आमच्या तळ्यात हे सोडलं तर तिथल्या देशी कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायची जागा हे बळकावणार. एकाला अभय देताना बाकीच्यांच्या पोटावर पाय येतो. म्हणजे ठेवावं तर बंधन, सोडावं तर हिंसा. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केलेले असतात. त्यातला पहिलाच ‘बंध’. पाठ करताना डोळ्यापुढे दावणीला बांधलेला बैल असायचा. दिवाणखान्यातली काचेची पेटी कधी आलीच नाही.

तर पेटी गॅलरीत गेली. ढब्बूने खाणं कमी केलं. मी म्हटलं, उन्हाळा आहे, माणसांनासुद्धा जेवण जात नाही. मग तो दगडावर चढून तासन् तास बसायला लागला, आणि एकदम उतरून मागच्या पायांनी पेटीचा तळ खरवडायचा. पुढच्या नव्हे, मागच्या पायांनी. हे मी पाहिलं होतं, बरं का. रोज पाहत होते. “काय नाचतोय बघा!” म्हणून नणंदेला फोनवरून दाखवलंही होतं.

आठव्या की नवव्या दिवशी पाण्यात पांढरट, लांबुळकं काहीतरी फुटलेलं दिसलं. ते अंडं आहे हे कळायला मला चांगला वेळ लागला. कळल्यावर घरात जो गोंधळ झाला तो काय सांगू! तीन पिढ्यांत या उंबऱ्याच्या आत अंडं आलं नव्हतं. जाऊबाईंनी गॅलरी धुवायला काढली. सासूबाई ओट्यापाशी फिरकेनात. शेजारच्या वहिनी, आमच्याच समाजातल्या, दारातूनच म्हणाल्या, “आता मंदिरजीत यायचं की नाही तुम्ही?” त्या हसत म्हणाल्या, पण म्हणाल्या. मी अंड्याचीच चिंता करत होते. ते उचलायचं कशाने, टाकायचं कुठे, स्नान करायचं का.

धुणंभांडी करायला येणारी बाई आमच्याशी दखनीत बोलते. तिचं गाव मंजिरा नदीकाठचं. तिने अंड्याकडे नीट बघितलंही नाही. कासवाकडे बघितलं आणि म्हणाली, “अम्मा, इसकू मट्टी होना.” हैदराबादेत ‘होना’ म्हणजे हवं असणं. हिला माती हवीय. मग हातातलं फडकं पिळत सांगितलं, “अंडे अंदर हैं, जागा नै मिल री.” शाळेत न गेलेल्या त्या बाईने दोन वाक्यांत जे ओळखलं, ते धर्माची पुस्तकं वाचणारी मी नऊ दिवस दार लोटून विसरले होते.

डॉक्टरांकडे नेलं. क्ष-किरणात पोटात सहा अंडी स्वच्छ दिसली, चुन्याच्या कवचामुळे खडूने काढल्यासारखी. नर नसतानाही मादी अंडी घालते, कोंबडीसारखीच, हे त्यांनी समजावलं. पाण्यात राहणारं कासव असलं तरी अंडी घालायला त्याला कोरडी जमीन लागते. मागच्या पायांनी खड्डा करायचा, त्यात अंडी सोडायची, बुजवायचं. जागाच मिळाली नाही तर मादी अंडी धरून ठेवते, आणि फार दिवस धरली तर जिवावर बेततं. त्यांनी इंग्रजी शब्द वापरला, पण आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे. बाई अडली म्हणतो ना, तसं. ढब्बू अडली होती. प्रत्येक अस्वस्थपणा अंड्यांचाच असतो असं नाही, पाणी खराब झालं, आजार झाला, तरी कासव असं करतं; म्हणून चित्र काढून खात्री करायची. ती मलूल पडली, डोळे मिटून राहिली, जोर करूनही काही येईना, तर थांबायचं नाही, तेव्हा इंजेक्शन, नाहीतर शस्त्रक्रिया. “अजून ताकद आहे तिच्यात. आधी माती द्या, आणि बघत उभे राहू नका,” असं ते म्हणाले. चुना कमी पडू नये म्हणून समुद्रफेस ठेवायला सांगितलं. आता समुद्रफेस म्हणजे म्हाकुलाच्या पाठीचं हाड. मी गप्प बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदावर काट मारली आणि त्याऐवजी औषध लिहून दिलं.

पुतण्याच्या लहानपणीचा अंघोळीचा मोठा टब माळ्यावर होता. त्यात लाल माती आणि नदीची वाळू, कासवाच्या पाठीच्या लांबीपेक्षा जास्त खोल, मुठीत दाबली तर गोळा राहील इतपत ओली. माती ओतण्याआधी मी चाळून घेतली. गांडुळं आणि मुंग्या निघाल्या त्या कुंडीत सोडल्या. जाऊबाई म्हणाल्या, “अंड्यासाठी एवढं?” मी म्हटलं, “अंड्यासाठी नाही.” हे वाक्य तोंडातून गेलं आणि मग माझ्या लक्षात आलं, की पहिलं अंडं दिसल्यापासून मी अंड्याशिवाय दुसऱ्या कशाचा विचारच केला नव्हता. आपल्या समाजात अंड्यावर केवढ्या चर्चा होतात! ‘शाकाहारी अंडं’ म्हणून जाहिराती आल्या तेव्हा मंडळा-मंडळांत भाषणं झाली. अफलित अंड्यात जीव आहे की नाही यावर तावातावाने बोलणाऱ्या कितीतरी बायका मला माहीत आहेत. त्यांतली एक मीच. पण ते अंडं जिच्या पोटातून येतं ती पिंजऱ्यातली पंचेंद्रिय जीव त्या चर्चेत किती वेळा येते?

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या केली तिथे प्राणांचा घात हा शब्द नंतर येतो, आधी येतो प्रमाद. बेसावधपणा. मी ते सूत्र शिकवलंसुद्धा आहे, रविवारच्या पाठशाळेत, मुलांना. रस्त्यात बघून चालावं, पाणी गाळून प्यावं, अशी उदाहरणं देऊन. मागच्या पायांनी तळ खरवडणारा जीव समोर असून त्याला नाच म्हणणं, हे उदाहरण मला सुचलं नसतं. कुणी म्हणेल, ठाऊक नव्हतं तर दोष कसला? मीही स्वतःला असंच समजावून पाहिलं. पण जो जीव आपण कोंडून ठेवला आहे, त्याची भाषा शिकणं हे आपल्याकडेच येतं ना? तो तर दार उघडून माती शोधायला जाऊ शकत नाही. त्याच्याजवळ सांगायला नखं होती. तो सांगत होता, आणि मी धर्माच्या नावाखाली दार लावलं. हे अजून मला गिळता आलेलं नाही, आणि गुरुमाताजींना विचारायचा धीरही झालेला नाही.

माझं माहेर परभणीकडचं. लहानपणी पैठणला मुनिसुव्रतनाथांच्या दर्शनाला जायचो. विसाव्या तीर्थंकरांचं लांछन कासव, म्हणून मी प्रतिमेखालच्या त्या इवल्या कासवाला बोट लावायचे आणि आई हात मागे ओढायची. लांछनाला नमस्कार करणारे आपण, जिवंत कासव बघायला शिकलो नाही.

दुसऱ्या रात्री ती मातीत उतरली. दोनदा खड्डा उकरून सोडून दिला. सासूबाई म्हणाल्या, दिवा मालवा, तिला लाज वाटत असेल. लाज असो नसो, अंधार केल्यावर ती शांत झाली. आम्ही दोघी गॅलरीच्या दाराआड खाली बसलो. मागचा एक पाय, मग दुसरा, आळीपाळीने, न बघता, चमच्याने काढावी तशी माती काढत होती. खड्डा झाल्यावर सहा अंडी, थांबत थांबत. मग त्याच पायांनी माती ओढून वरून दाबली, इतकी व्यवस्थित, की जागा सांगता येऊ नये. आणि सरळ पाण्याच्या दिशेने चालायला लागली. एकदाही वळून पाहिलं नाही.

कासवी नुसत्या दृष्टीने पिल्लांना पोसते, असा दृष्टांत संतवाङ्मयात पुन्हा पुन्हा येतो. कीर्तनात ऐकून सासूबाईंच्या मनात तेच होतं. त्या म्हणाल्या, “बघत नाही गं ही.” मी त्यांना कोकणातल्या वेळासचं सांगितलं. तिथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं रात्री किनाऱ्यावर येतात, शंभरेक अंडी वाळूत पुरतात आणि समुद्रात निघून जातात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात, ती आईविना. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती घरटी राखली. आईचं काम तिथे जागा निवडणं आणि झाकणं, एवढंच. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. चार बाळंतपणं झालेली, त्यातलं एक दोन दिवस अडलेलं, हे त्यांनी मला त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं. सासरच्यांनी तेव्हा ‘नाटकं करते’ म्हटलं होतं.

अंड्यांचं काय करायचं, हा प्रश्न होताच. नर कधी जवळ नव्हता, तेव्हा पिल्लं निघणार नव्हती. जाऊबाई म्हणाल्या कचऱ्यात द्या. सासूबाईंनी ऐकलं नाही. “तिने झाकलंय ना, मग झाकलेलंच राहू दे,” म्हणाल्या. टबातली ती माती तशीच अंगणातल्या पारिजातकाखाली गेली.

एकदा घातली की संपलं, असं नसतं. एकाच मोसमात मादी पुन्हा अंडी घालू शकते, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. साडेतीन आठवड्यांनी, पेटी परत दिवाणखान्यात आलेली, सकाळी सामायिकाला बसलो होतो. खर्र... खर्र... घड्याळात अजून सतरा मिनिटं बाकी होती. सासूबाईंनी माळ न थांबवता हनुवटीने टबाकडे खूण केली. मी आसन मोडून उठले.