उत्तर बरोबर, कारण चूक

दहावी-अकरावीतले एखादे मूल स्वतःहून कॅल्क्युलस किंवा ग्रुप थिअरी शिकते आहे, अशी बातमी आली की आपल्याकडे दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक, मूल असामान्य आहे. विचार तिथेच संपतो. दुसरी जास्त ठासून बोलली जाते: व्याख्याने फोनवर आहेत, पुस्तके फुकट मिळतात, मग शिक्षक हवा कशाला? रामानुजन यांना कोण होते? नागपुरात धरमपेठेपासून नंदनवनपर्यंत शिकवणीवर्गांच्या पाट्या वाचत वाढलेल्या मुलांना हे सुटकेसारखे वाटावे, यात नवल नाही. दोन-तीन मिनिटांत प्रश्न उडवायला शिकवणारे वर्ग परीक्षेचे असतात, गणिताचे नव्हे. 

पण ‘रामानुजन यांना कोण होते?’ हा प्रश्न असा उडवून लावता येत नाही. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच घातक आहे. 1903 साली कुंभकोणमला त्यांच्या हाती कार यांचे पुस्तक पडले. त्यात हजारो निष्कर्ष ओळीने मांडलेले, सिद्धता असलीच तर त्रोटक. त्या पुस्तकाने त्यांना झपाटले, यात शंका नाही. निष्कर्ष लिहायचा आणि पुढे जायचे, ही सवयही बहुधा त्यातूनच लागली. 1913 साली इंग्लंडमधले गणितज्ञ हार्डी यांना लिहिलेल्या पत्रांत मूळ संख्यांविषयीचे दावे होते. अमुक मर्यादेपर्यंत मूळ संख्या किती, हे सांगणारे त्यांचे सूत्र आकडे घालून पाहिले की विलक्षण जुळत असे. तरीही दावा चूक होता. सांगितली तेवढी अचूकता सूत्रात नव्हती, कारण मूळ संख्यांशी जोडलेल्या झीटा फलनाचे संमिश्र शून्यबिंदू त्यांच्या हिशेबातच नव्हते. संमिश्र चलांचे ते शास्त्र त्यांनी कधी अभ्यासलेले नव्हते. आकड्यांनी ही चूक दाखवली नाही. हार्डींनी दाखवली.

‘तरी ते रामानुजन झालेच ना?’ असे यावर म्हटले जाते. झाले. पण 1914 ते 1919 ही इंग्लंडमधली वर्षे त्या होण्यातून वजा कशी करणार? आणि जे रामानुजन यांना एकट्याने साधले नाही, ते नागपूरच्या पंधरा वर्षांच्या मुलीला व्हिडिओ पाहून साधावे, अशी अपेक्षा ठेवणे हा त्या मुलीवर अन्याय आहे. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांचे नाव घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की ते ग्वाल्हेरला गणिताच्या प्राध्यापकाच्या घरात वाढले. पुस्तके आणि ती वाचलेला माणूस एकाच घरात होता.

म्हणून शिक्षक हवाच, असे मात्र मी म्हणत नाही. शिकवणारा नसला तरी बरेच काही शिकता येते, आणि स्वतः झगडून कळलेले प्रमेय जसे आपले होते तसे फळ्यावरून उतरवलेले होत नाही. मला फरक करायचा आहे तो चुकीचे उत्तर आणि चुकीचे कारण यांत. चुकीचे उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर पकडले जाते. उत्तर बरोबर आणि कारण चूक असेल, तर तीच पाने शाबासकी देतात. प्रगत गणितात प्रश्नच ‘सिद्ध करा’ असा असतो, म्हणजे उत्तर आधीच छापलेले. उरते ते फक्त कारण, आणि त्याची उत्तरसूची कुठेच नसते.

हे नवशिक्यांचेच दुखणे आहे असेही नाही. ऑयलर यांनी 1782 साली लॅटिन चौरसांविषयी, म्हणजे प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येणाऱ्या चौरसांविषयी, एक अंदाज मांडला: 6, 10, 14, 18 अशा क्रमांच्या चौरसांची परस्परलंब जोडी, म्हणजे एकावर एक ठेवल्यास चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच येईल अशी जोडी, असू शकत नाही. सहासाठी ते खरे असल्याचे 1901 मध्ये तारी यांनी दाखवले. पुढे 1910 साली वेर्निके यांनी संपूर्ण अंदाजाची ‘सिद्धता’ छापली. मॅक्नीश यांनी तिच्यातली चूक काढली आणि 1922 मध्ये स्वतःची सिद्धता दिली. तीही सदोष निघाली. 1959 मध्ये बोस, पार्कर आणि शरदचंद्र श्रीखंडे यांनी दाखवून दिले की सहाच्या पुढे तो अंदाज प्रत्येक वेळी खोटा ठरतो. हे श्रीखंडे नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि तिथेच शिकवलेले. छापील सिद्धता ओळीओळीने अडवून वाचणारे कोणी असावे लागते, एवढे तरी या शहराला त्यांच्यामुळे ठाऊक असायला हवे.

एकट्याने शिकणाऱ्या त्या पंधरा वर्षांच्या मुलीला असा वाचणारा हवा. नागपुरात गणिताचे निवृत्त प्राध्यापक आहेत, एम.एस्सी. करणारी मुले आहेत. त्यांनी पुढचा धडा शिकवू नये, वेळापत्रक आखून देऊ नये. महिन्यातून एकदा त्या मुलीने स्वतः लिहिलेली दोन पाने वाचावीत आणि ‘ही ओळ कशावरून?’ एवढेच विचारावे. तिला सांगता आले नाही, तर पुढचा महिना त्याच ओळीवर जाऊ द्यावा, पुस्तकाची बाकीची प्रकरणे तशीच राहिली तरी.