रिकामें घर

(लूककृत शुभवर्तमान, अध्याय १२, वचनें १३ ते २१ वाचावीं.)



हिंदी महासागरांत कोकोस नांवाचीं बेटें आहेत. तीं ऑस्ट्रेलियाच्या अमलाखालीं आहेत. तेथील वाळूवर शंखांत राहणारे खेकडे पुष्कळ. या प्राण्याच्या अंगाचा मागील भाग अगदीं मऊ असतो. म्हणून मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख शोधून तो त्यांत राहतो. अंग वाढलें कीं घर अपुरें पडतें. मोठा शंख सांपडला, तर तो जुना सोडून त्यांत शिरतो. त्याचा जुना शंख लहान खेकड्यास मिळतो, आणि त्या लहानाचा आणखी लहानास. असे खेकडे कधीं कधीं आकाराप्रमाणें रांग धरून वाट पाहतात. एका घरानें अनेकांची सोय होते. ही देवाची योजना होय.

परंतु तीच संवय आतां त्यांच्या नाशास कारण झाली आहे. मनुष्यांनीं टाकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या समुद्र त्या किनाऱ्यावर आणून टाकतो. तोंड वर असलेल्या बाटलींत खेकडा शिरतो. आंतील बाजू निसरडी, म्हणून त्यास बाहेर येतां येत नाहीं व तो मरतो. त्याच्या मरणाचा वास इतरांस ओढून आणितो. कारण त्यांना इतकेंच कळतें कीं, एक घर रिकामें झालें. तेहि आंत शिरतात व मरतात. एकाच भांड्यांत ५२६ खेकडे सांपडले. त्या बेटांवर सुमारें ५ लक्ष ८ हजार खेकडे असे अडकून मेले असावे, असा अंदाज शास्त्रज्ञांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केला.

खेकड्यास दोष नाहीं. त्यास विवेक दिलेला नाहीं. आपणांस दिला आहे. तरी शेजाऱ्याच्या घरीं मयत झालें, कीं सांत्वनाच्या शब्दाआधीं आपली नजर त्याच्या बांधाकडे वळते कीं नाहीं? कर्जांत बुडालेल्या भावाचें शेत स्वस्तांत मिळेल, हा वास आपणांस येतो कीं नाहीं? एकाच पंगतीस प्रभुभोजन घेणारे दोन सख्खे भाऊ बापाच्या जमिनीसाठीं कोर्टांत उभे राहिलेले मीं पाहिले आहेत. खटला संपला, तेव्हां शेत दोघांचेंहि राहिलें नव्हतें.

वतनाची वांटणी मागणाऱ्या मनुष्याला प्रभूनें वांटणी करून दिली नाहीं; लोभाविषयीं सावध केलें. तो इशारा आपणांसहि आहे. या आठवड्यांत ज्या घरीं दुःख असेल, तेथें अवश्य जावें. पण भाकरी घेऊन जावें, मोजणीची साखळी घेऊन नव्हे.

प्रभु आपणां सर्वांस तसें मन देवो. आमेन.