मधुमेहाचा दोष कोणाकडे?

मधुमेहाचे निदान झालेल्या माणसाला दोन वाक्ये हमखास ऐकावी लागतात. एक, 'खाण्यावर ताबा नव्हता'. दुसरे, 'भोग आहेत, भोगून संपवायचे'. पहिल्या वाक्यात रोगाचे मूळ या जन्माच्या वागण्यात शोधलेले असते, दुसऱ्यात मागच्या जन्माच्या. रोख मात्र दोन्हींचा एकच असतो: हे दुखणे ज्याचे त्याने ओढवून घेतले आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गोव्यात हे प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के आढळले. एवढ्या लोकांवर एकाच वेळी दोष ठेवणारी समजूत तपासून पाहणे आवश्यक ठरते.

मधुमेहाचा पहिला प्रकार या समजुतीत मुळीच बसत नाही. त्यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवरच उलटते आणि त्या नष्ट करत जाते. हा प्रकार बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी उघड होतो. मूल सारखे पाणी मागते, रात्री अंथरूण ओले करू लागते, खाऊनपिऊन वाळत जाते. त्याने गोड किती खाल्ले याचा या आजाराशी संबंध नसतो. तरीही त्या मुलाच्या आईला 'लाडाने फार चॉकलेटे दिलीस' असे ऐकवणारे नातेवाईक असतात, आणि हा अन्याय रोगाच्या त्रासात भर घालतो. १९२२ पूर्वी अशा मुलांना उपासमारीच्या आहारावर काही काळ जगवण्यापलीकडे वैद्यकाच्या हातात काही नव्हते. त्या वर्षी जानेवारीत टोरंटोमध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचण्यात आले आणि मरणाच्या दारातली मुले जगू लागली. आता त्यापुढचे पाऊलही पडले आहे. टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. पहिल्या प्रकारचा मधुमेह होऊ घातलेल्या व्यक्तींमध्ये ते रोगाची सुरुवात काही काळ लांबवते. प्रतिकारशक्तीला आवर घालून हे साधते. त्यात रुग्णाच्या पाप-पुण्याचा कुठे प्रश्न येत नाही.

दोषाचा खरा वाद दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. यात इन्सुलिन तयार होत असते, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही आणि पुढे स्वादुपिंडही थकते. वजन, बैठी कामे, खाण्याच्या सवयी यांच्याशी या प्रकाराचे नाते पक्के आहे, म्हणून 'स्वतःच्या हाताने केले' हा निवाडा इथे चटकन दिला जातो. सुश्रुताने मात्र या बाबतीत घाई केलेली नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगसमूहाचे, दोन वर्ग आहेत. सहज, म्हणजे आईबापांच्या बीजदोषातून आलेला, आणि अपथ्यनिमित्तज, म्हणजे कुपथ्यातून उद्भवलेला. पहिल्यातला रोगी कृश, रुक्ष, थोडे खाणारा आणि फार तहानेला असा वर्णिला आहे. दुसऱ्यातला स्थूल, भरपूर खाणारा, अंथरूण-आसन न सोडणारा. हे वर्ग आजच्या प्रकारांशी तंतोतंत जुळवण्याचा अट्टहास करू नये. पण ज्याने काहीच कुपथ्य केले नाही असाही रोगी असतो, हे त्या परंपरेला ठाऊक होते एवढे निश्चित.

पुण्यात झालेल्या संशोधनाने हे दोन्ही वर्ग एकमेकांत किती गुंतलेले आहेत ते दाखवले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचे छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक, बॉडी मास इंडेक्स, दोघांचाही २२.३ होता. पण शरीरातल्या चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के होते आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे सारखे दिसत होते, आत मात्र मोठा फरक होता. त्याचे मूळ जन्माच्याही आधी असल्याचे पुणे परिसरातल्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या पाहणीत दिसले. त्या गावांतल्या स्त्रियांच्या आहाराची आणि शरीराची मोजमापे गर्भधारणेच्या आधीपासून घेतली गेली, पुढे बाळांची घेतली गेली. ही बाळे सरासरी २.७ किलो वजनाची होती. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीचे, असे हे बाळ. गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध ज्यांच्या खाण्यात आले त्या आयांची बाळे मोठी होती. शेतातली आणि घरातली कष्टाची कामे ज्यांना करावी लागली त्यांची लहान. अशा बाळाला चाळिशीत मधुमेह झाला तर त्याचा हिशेब त्याच्या ताटापासून सुरू करणे चुकीचे आहे. तो त्याच्या आईच्या ताटापासून, किंवा तिच्या डोक्यावरच्या हंड्यापासून सुरू होतो.

असाच दाखला युरोपातही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली. तेव्हा आईच्या पोटात असलेल्या ॲम्स्टरडॅमच्या मुलांची साधारण पन्नाशीत तपासणी झाली. ग्लुकोज प्यायल्यानंतर त्यांच्या रक्तातली साखर इतरांपेक्षा जास्त निघाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या एका भारतीय-ऑस्ट्रेलियन प्रयोगात पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांत मधुमेहाकडे झुकणारे बदल दिसले. पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर खायला देऊनही ते पुसले गेले नाहीत. उंदरांवरून माणसाबद्दल सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. तरी पिढ्यानपिढ्या दुष्काळ सोसलेल्या दख्खनसारख्या प्रदेशाला हा निष्कर्ष अंतर्मुख करणारा आहे.

स्वतः काही न करता भोग वाट्याला येण्याच्या या कोड्याला भारतीय दर्शनांत नाव आहे. केलेल्या कर्माचे फळ न मिळणे हा कृतनाश, आणि न केलेल्या कर्माचे फळ वाट्याला येणे हा अकृताभ्यागम. हे दोन्ही तर्कदृष्ट्या दोष मानले गेले आणि ते टाळण्यासाठीच पूर्वजन्माची कल्पना आधाराला घेतली गेली. गर्भातल्या बाळाने उपाशी राहावे असे काय केले, या प्रश्नावर कर्मवादी म्हणेल की त्या जीवाच्याच पूर्वकर्मांनी त्याला त्या गर्भात आणले. हे उत्तर खोडता येत नाही, आणि तीच त्याची अडचण आहे. बाळ २.७ किलोचे असो की ३.५ किलोचे, उत्तर तेच राहते. मग आईला दूध मिळाले पाहिजे की नाही, तिच्या डोक्यावरचा भार कमी झाला पाहिजे की नाही, हे त्यातून कळत नाही. ज्या स्पष्टीकरणाने काय करावे ते समजत नाही, त्याचा रोग्याला उपयोग नाही.

बौद्ध परंपरेने ही मर्यादा फार पूर्वी ओळखली. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाला बुद्ध सुख-दुःखाच्या अनुभवाची आठ कारणे सांगतात. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, शरीराची विषम हाताळणी, आघात, आणि शेवटी कर्मविपाक. सगळे काही पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणारे जगाला ठाऊक असलेल्या गोष्टींच्या पलीकडे जातात, असा त्यांचा निर्वाळा आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातही आत्रेय आणि अग्निवेश यांच्या संवादात हाच मुद्दा येतो. आयुष्य जर सर्वस्वी ठरलेले असेल तर औषधोपचाराला अर्थ उरत नाही. म्हणून दैव आणि पुरुषकार, मागचे कर्म आणि आताचा प्रयत्न, दोन्ही मानावे लागतात आणि बलवान प्रयत्नाने दुर्बळ दैव मागे हटते. वैद्यकाला याहून वेगळी भूमिका परवडणारी नाही.

प्रयत्नाचे बळ किती, हे आता मोजता येते. अमेरिकेत ३,२३४ जणांवर झालेल्या आणि २००२ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत आहार, चालणे आणि सुमारे सात टक्के वजन घटवण्याचे ध्येय यांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ जणांवर केलेल्या २००६ च्या चाचणीत जीवनशैली बदलणाऱ्यांमध्ये घट २८.५ टक्के होती. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींवर ठेवलेल्या रुग्णांपैकी ४६ टक्के जण वर्षअखेर औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली आले. दुसऱ्या वर्षअखेर हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. प्रयत्न वाया जात नाही, हा या आकड्यांचा एक अर्थ. दुसरा अर्थही तितकाच मोलाचा आहे. चेन्नईत सल्ल्याप्रमाणे वागण्याच्या गटातही तीन वर्षांत ३९ टक्के लोकांना मधुमेह झालाच. त्यांनी कसूर केली असे म्हणायला आधार नाही. पथ्य पाळणे रोग्याचे कर्तव्य आहे. रोग होणे हा त्याचा अपराध नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की रुग्ण लाजेपोटी साखर तपासायचे टाळतो, इन्सुलिन लपून घेतो किंवा घेतच नाही, आणि डोळे व मूत्रपिंडे त्याची किंमत मोजतात.

संयमाबद्दलची कल्पनाही बदलावी लागत आहे. जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि मेंदूला पोट भरल्याची वर्दी देते. सेमाग्लुटाइडसारखी औषधे याच संप्रेरकाची नक्कल करतात. ती घेणाऱ्या अनेकांच्या मनात सतत चालणारा खाण्याचा विचार ओसरतो. जिभेवरचा ताबा हा संतांनी आणि स्मृतिकारांनी साधनेचा भाग मानला, आणि उपवास, एकभुक्त, चातुर्मासातली व्रते यांतून त्याचा सराव घडवला. ती शिस्त आजही उपयोगी आहे. पण भूक प्रत्येकाला सारख्या जोराने लागत नाही, हे आता नाकारता येत नाही. ज्याला ती कमी छळते त्याने स्वतःला अधिक पुण्यवान समजावे असे यात काही नाही.

भुकेचा संबंध आणखी एका बाजूने आहे. कुपोषणातून होणाऱ्या मधुमेहाला जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये स्वतंत्र स्थान दिले आणि १९९९ मध्ये काढून घेतले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात या कृश रुग्णांची मुख्य अडचण इन्सुलिनच्या तुटवड्याची असल्याचे दिसले, आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला पाचवा प्रकार म्हणून मान्यता दिली. अतिखाण्याचा रोग म्हणून बदनाम झालेल्या आजाराची ही एक शाखा पोटाला न मिळण्यातून निघालेली आहे.

दोष एका व्यक्तीपुरता ठेवता येत नसेल तर तो कुठे न्यायचा, याचा विचार चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या त्याच संवादात आहे. वेगवेगळ्या प्रकृतीची, वेगवेगळे खाणारी माणसे एकाच वेळी एकाच रोगाने का मरतात, असा अग्निवेशाचा प्रश्न आहे. आत्रेय सांगतात की हवा, पाणी, भूमी आणि काळ या सर्वांना सामाईक असलेल्या गोष्टी बिघडतात, आणि त्या बिघाडाच्या मुळाशी अधर्म असतो. त्याची सुरुवात राज्य चालवणाऱ्यांपासून होते. संसर्गजन्य साथींसाठी केलेला हा विचार मधुमेहाला अधिक लागू पडतो. शाळेच्या दारातले गोड पेय, चालायला पदपथ नसलेले शहर, रेशनवर भरपूर धान्य आणि अपुरी डाळ, गरोदर बाईच्या वाट्याला शेवटी उरलेले अन्न, या गोष्टी एकट्या रुग्णाच्या संकल्पाने बदलत नाहीत. इन्सुलिनच्या शोधकर्त्यांनी पेटंट टोरंटो विद्यापीठाला नाममात्र एक-एक डॉलरला देऊन टाकले होते. औषध सर्वांना मिळावे हा त्यांचा आग्रह धर्म या शब्दाला शोभणारा होता, आणि आजही गरीब घरातल्या मुलाचे इन्सुलिन पैशांअभावी चुकू नये ही त्याच धर्माची मागणी आहे.

पुण्याजवळच्या त्या सहा गावांत १९९३ नंतर जन्मलेली मुले मोठी झाल्यावर, २०१२ पासून त्यांच्यापैकी अनेकांना बी-१२ जीवनसत्त्वाचा पुरवठा करणारी चाचणी सुरू झाली. त्यात मुलीही होत्या आणि मुलगेही, कारण पुढे आई आणि बाप दोघेही व्हायचे होते. लाभ ज्यांना व्हावा अशी अपेक्षा होती ती बाळे तेव्हा जन्मालाही आलेली नव्हती. मधुमेहाचा प्रतिबंध सुरू करण्याची योग्य जागा तीच आहे, आणि ती जबाबदारी रुग्णाची नसून त्याच्या आधीच्या पिढीची व सरकारची आहे.